वार आणि बावीस अक्षरं

बाळ बाहेर आलं की घरच्यांचं सगळं लक्ष बाळाकडे. परिचारिका मात्र वार (प्लॅसेंटा) पडायची वाट बघत थांबलेली असते. पडली की ती ट्रेमध्ये पसरते, गडद लाल बाजू वर घेते आणि एखादा तुकडा आत राहिला नाही ना, हे बोटांनी चाचपून बघते. जेमतेम अर्धा किलोचा हा अवयव. नऊ महिने बाळाची फुप्फुसं, मूत्रपिंडं, आतडी या सगळ्यांचं काम त्यानं एकट्यानं केलेलं असतं.

वारेची खरी कसोटी पहिल्या काही आठवड्यांत लागते. तिच्या पेशी गर्भाशयाच्या भिंतीत शिरतात, आईच्या रक्तवाहिन्या गाठतात आणि त्या रुंद करतात. फार खोल गेल्या तर वार चिकटून बसते, प्रसूतीत रक्तस्रावाचा धोका. उथळ राहिल्या तर रक्त कमी पडतं: पुढे आईचा रक्तदाब चढतो, बाळाची वाढ खुंटते, कधी गर्भच टिकत नाही.

हा तोल सांभाळण्यात मायक्रोआरएनएचा, म्हणजे पेशीतल्या आरएनए या रेणूच्या चिमुकल्या तुकड्यांचा, मोठा वाटा आहे. लांबी साधारण 22 अक्षरं; आरएनएच्या साखळीतला एकेक घटक म्हणजे एक अक्षर. त्यांच्यापासून प्रथिन बनत नाही. प्रथिनाची कृती घेऊन निघालेल्या लांब आरएनएला ते चिकटतात आणि ते प्रथिन बनणं रोखतात. सात-आठ अक्षरं जुळली तरी भागतं, म्हणून एकच मायक्रोआरएनए शेकडो जनुकांना लगाम घालू शकतो. व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुव्हकुन या शास्त्रज्ञांना चिकटून रोखण्याची ही पद्धत 1993 मध्ये एका मिलिमीटरभर कृमीत उमगलं. 2024 चं नोबेल त्याचंच.

माणसाच्या 19व्या गुणसूत्रावर मायक्रोआरएनए बनवणाऱ्या 46 जनुकांचा एक पुंजका आहे. तो फक्त वानरकुळात सापडतो, मुख्यतः वारेतच जागा असतो, आणि त्यातही त्याची केवळ वडिलांकडून आलेली प्रत. आईच्या शरीरात रुजणाऱ्या अवयवात बापाची प्रत बोलते, हे मला अजूनही विलक्षण वाटतं. या पुंजक्यातून बनणारे मायक्रोआरएनए आईच्या रक्तातही उतरतात आणि प्रसूतीनंतर ओसरतात. पिट्सबर्गच्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवलं, की ते इतर पेशींनाही विषाणूंशी लढायला मदत करतात.

वारंवार गर्भपात झालेल्या स्त्रियांच्या ऊतींमध्ये काही मायक्रोआरएनएचं प्रमाण बदललेलं दिसतं. ते कारण की परिणाम, हे ठरायचं आहे. त्यामुळे त्यावर बेतलेली महागडी रक्तचाचणी कोणी सुचवली, तर आधी खात्री करून घ्या.

पहिल्या तिमाहीतल्या जवळपास निम्म्या गर्भपातांत गर्भाच्या गुणसूत्रांतच बिघाड असतो. तरीही आपल्याकडे बाईलाच विचारतात: पपई खाल्लीस का, जिना का चढलीस? दुःखात असलेल्या बाईला असं विचारणं क्रूर आहे, आणि चूकही. दोनदा-तीनदा असं झालं असेल, तर पडलेल्या ऊतीची गुणसूत्र तपासणी करता येईल का, एवढं डॉक्टरांना जरूर विचारा. नवऱ्यालाही सोबत न्या.