शेळ्या-मेंढ्यांतील देवीच्या विषाणूंचा प्रयोगशाळेतील अभ्यास

मेंढ्यांची देवी आणि शेळ्यांची देवी या रोगांचे विषाणू पॉक्सव्हिरिडी कुळातील कॅप्रिपॉक्सव्हायरस प्रजातीत मोडतात. गाई-म्हशींच्या लम्पी त्वचारोगाचा विषाणूही याच प्रजातीतला. तिघांचे डीएनए सुमारे दीड लाख बेस-जोड्यांचे असून त्यांत ९६ ते ९७ टक्के साम्य आहे. त्यामुळे ‘हा देवीचाच विषाणू आहे का’ याचे उत्तर प्रयोगशाळेत लवकर मिळते. ‘तिघांतला नेमका कोणता’ हे ठरवणे मात्र कठीण जाते.

नमुना म्हणून त्वचेवरच्या ताज्या गाठीचा तुकडा, खपली, नाकातील स्राव किंवा मेलेल्या जनावराच्या फुप्फुसातील गाठ घेतात. विषाणू वाढवायचा असेल तर लक्षणे दिसल्यापासून पहिल्या आठवड्यातच नमुना घ्यावा लागतो. पुढे जनावराच्या रक्तात प्रतिपिंडे (विषाणूला निकामी करणारी प्रथिने) तयार होतात आणि जिवंत विषाणू हाती लागणे अवघड होते.

शेतकऱ्यांचा खरा घोटाळा होतो तो ‘मावा’ या रोगाशी, कारण त्यातही ओठांवर खपल्या धरतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ही शंका फिटते. माव्याचा विषाणू लंबगोल असून त्याच्यावर लोकरीच्या गुंड्यासारखे आडवेतिडवे धागे दिसतात. देवीचा विषाणू विटेच्या आकाराचा, सुमारे ३०० नॅनोमीटर लांबीचा असतो. मेंढीची देवी की शेळीची, हे मात्र आकारावरून सांगता येत नाही.

विषाणू वाढवण्यासाठी कोकराच्या वृषणाच्या किंवा मूत्रपिंडाच्या पेशी वापरतात. पेशींतील बिघाड दिसायला ४ ते १४ दिवस लागू शकतात, म्हणजे साथ पसरत असताना ही पद्धत संथच. ऊतीच्या कापात, पेशीद्रव्यात समावेशपिंड (विषाणूच्या वाढीमुळे दिसणारे ठिपके) असलेल्या मोठ्या पेशी आढळतात. फ्रेंच संशोधक आमेदे बोरेल यांनी १९०३ मध्ये त्यांचे वर्णन केले होते.

आज भिस्त पीसीआरवर, म्हणजे डीएनएच्या ठरावीक भागाच्या असंख्य प्रती काढून तो ओळखण्याच्या चाचणीवर आहे. आरपीओ३० या जनुकात मेंढीच्या विषाणूकडे २१ न्यूक्लिओटाइडांची (डीएनएच्या घटकांची) तूट असते. त्या भागाच्या प्रती काढल्या की मेंढीच्या विषाणूचा तुकडा आखूड भरतो आणि तो वेगळा काढता येतो. जीपीसीआर जनुकाच्या क्रमवाचनाने तिन्ही विषाणू ओळखता येतात. रक्तजलातील प्रतिपिंडे शोधणाऱ्या चाचण्या त्यांच्यात भेद करू शकत नाहीत. शिवाय संरक्षण मुख्यतः पेशीय प्रतिकारशक्तीचे, म्हणजे प्रतिपिंडांऐवजी रोगाशी लढणाऱ्या पेशींचे असल्याने लस टोचलेल्या जनावरात प्रतिपिंडे नगण्य आढळली, तरी ते असुरक्षित असतेच असे नाही.

विषाणूला यजमानाचे नाव देण्याची रीत फसवी ठरू शकते. याचे ठळक उदाहरण केनियातील केएसजीपी ओ-२४० हा वाण (विषाणूचा उपप्रकार). मेंढ्या-शेळ्यांच्या देवीचा समजून त्याची लस बनवली, ती गाईंनाही टोचली गेली; जनुकीय तपासणीत तो लम्पीचा विषाणू निघाला. मेंढीचे वाण शेळीत आणि शेळीचे मेंढीत रोग करू शकतात, म्हणून केवळ आजारी जनावर पाहून वाण ठरवणे धोक्याचे.

भारतात या विषाणूंवरील बरेचसे काम भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेच्या मुक्तेश्वर केंद्रात झाले. तेथील ‘उत्तरकाशी’ वाणाची शेळ्यांची लस व्हीरो पेशींवर (माकडाच्या मूत्रपिंडापासून प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींवर) वाढवली जाते. विषाणूंमधील साम्यामुळेच २०२२ च्या लम्पी साथीत महाराष्ट्रासह अनेक राज्यांत गुरांना शेळीच्या देवीची लस टोचली गेली. त्याच वर्षी हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राने प्रत्यक्ष लम्पीच्याच विषाणूपासून, रांचीत २०१९ मध्ये मिळालेल्या वाणापासून, बनवलेली लस जाहीर केली.