पुरवठा साखळीतील डेटाची स्वयंचलित चाचणी

कारखान्यातून निघालेला माल दुकानाच्या फळीवर पोहोचेपर्यंत अनेक हातांतून जातो आणि त्याच्याबरोबर त्याची माहितीही : वस्तूचा क्रमांक, नग, पेटीचे माप, गोदाम, गाडी, तारीख. ही माहिती साठवणाऱ्या संगणक प्रणाली एका चाचणी-साधनाला जोडायच्या आणि येणारी प्रत्येक नोंद आधी लिहून ठेवलेल्या नियमांवर आपोआप तपासली जाईल अशी व्यवस्था करायची, ही पुरवठा साखळीतील डेटाच्या स्वयंचलित चाचणीची पद्धत. नियम मोडणारी नोंद पुढच्या प्रणालीत शिरण्याआधी अडवणे हा तिचा मुख्य हेतू आहे. महिनाअखेरीस अहवाल काढून चुका मोजणे ही वेगळी गोष्ट. तोवर चुकीच्या आकड्यावर माल मागवून झालेला असतो.

या विचाराचे मूळ आजच्या साधनांपेक्षा जुने आहे. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात ट्रॉय गावच्या सुपरमार्केटमध्ये च्युइंगमच्या पाकिटावरचा बारकोड पहिल्यांदा विक्रीसाठी वाचला गेला. त्या क्रमांकाचा शेवटचा अंक हा तपासणी-अंकच होता. आज सर्वत्र दिसणाऱ्या १३ अंकी क्रमांकात पहिल्या बारा अंकांना आळीपाळीने १ आणि ३ ने गुणतात, बेरीज करतात आणि ती पुढच्या दहाच्या पटीपर्यंत नेणारा अंक शेवटी ठेवतात. एखादा अंक चुकला की हिशेब जुळत नाही. मात्र शेजारच्या दोन अंकांची अदलाबदल झाली आणि त्यांच्यातला फरक ५ असला, उदाहरणार्थ १६ चे ६१ झाले, तर चूक सुटून जाते. दुसऱ्याच वस्तूचा पण बरोबर क्रमांक टाकला गेला, तर तोही हा अंक बिनतक्रार स्वीकारतो. म्हणून एका नियमावर भागत नाही.

जोडणी : माहिती सहसा चार ठिकाणांहून येते : कंपनीची ईआरपी प्रणाली (खरेदी, साठा, हिशेब असा सगळा कारभार एकत्र सांभाळणारी), गोदामाची प्रणाली, वाहतूकदाराकडचा गाड्यांचा माग आणि पुरवठादारांनी पाठवलेल्या एक्सेल फायली. मोठ्या कंपन्यांत मागणी, माल निघाल्याची आगाऊ सूचना आणि बीजक हे ईडीआय, म्हणजे एका संगणकाने दुसऱ्याला ठरलेल्या नमुन्यात पाठवलेल्या, संदेशांच्या रूपात येतात. चाचणी-साधनाला मूळ डेटाबेसमध्ये फक्त वाचण्याचा अधिकार द्यावा. तपासणाऱ्यालाच दुरुस्तीची मुभा दिली तर चूक नेमकी कुठे झाली हे कायमचे पुसले जाते. येणारी माहिती आधी एका तात्पुरत्या तक्त्यात उतरवतात, तिथे नियम चालवतात, नियमांत बसणाऱ्या ओळी पुढे सोडतात आणि अडलेल्या ओळी कारणासकट बाजूला ठेवतात. पायथॉन या संगणक-भाषेत लिहिलेले ग्रेट एक्स्पेक्टेशन्स, अ‍ॅमेझॉनने खुले केलेले डीक्यू आणि डीबीटी या डेटा-रूपांतराच्या साधनातील चाचण्या ही या कामासाठी वापरली जाणारी खुल्या स्रोताची साधने. डीबीटीत चार चाचण्या तयार मिळतात : रकाना रिकामा नसणे, मूल्य एकदाच येणे, ठरलेल्या यादीतलेच मूल्य असणे आणि दुसऱ्या तक्त्यात त्याची जोडी सापडणे. नियम मोडल्यावर नुसता इशारा द्यायचा की काम थांबवायचे, हेही प्रत्येक चाचणीसाठी ठरवता येते.

जोडणीतला सर्वांत कच्चा दुवा एक्सेल असतो. पेटीवरचा वाहतूक क्रमांक १८ अंकी असतो, पण एक्सेल संख्येचे १५ अंकच नेमके धरते आणि पुढचे तीन शून्य करून टाकते. सुरुवातीची शून्येही गळतात. त्यामुळे हे क्रमांक संख्या म्हणून नव्हे, मजकूर म्हणून घेणे हा पहिला नियम ठरतो. वेळेचेही तसेच. भारतीय वेळ जागतिक प्रमाणवेळेच्या साडेपाच तास पुढे असल्याने मध्यरात्रीनंतर पहाटे साडेपाचपर्यंत निघालेली गाडी जागतिक वेळेत आदल्या तारखेची दिसते, आणि पोहोचण्याच्या मुदतीचा हिशेब एका दिवसाने चुकतो.

याहून मोलाच्या चाचण्या दोन प्रणालींमधल्या असतात. मागणीत शंभर नग, आगाऊ सूचनेत शंभर पेट्या आणि गोदामाच्या आवक नोंदीत शंभर, एवढेच लिहिलेले असेल तर तिन्ही ओळी एकेकट्या निर्दोष ठरतात. चूक दिसते ती त्या शेजारी ठेवून एकक ताडल्यावर.

टार्गेट कॅनडा : अशा तपासणीवाचून काय घडते याचे हे ठळक उदाहरण. अमेरिकेतील टार्गेट कंपनीने मार्च २०१३ मध्ये कॅनडात दुकाने उघडली आणि जानेवारी २०१५ मध्ये सर्व १३३ दुकाने बंद करण्याची घोषणा केली. सुमारे १७,६०० कर्मचाऱ्यांची नोकरी गेली. अपयशाला भाव, जागा, घाई अशी अनेक कारणे होती, पण नंतरच्या वृत्तांतांत वारंवार समोर आले ते वस्तूंच्या नोंदींचे. नव्या प्रणालीत हजारो वस्तूंची माहिती घाईने हाताने भरली गेली. सेंटिमीटरच्या जागी इंच पडले, लांबीच्या जागी रुंदी पडली, बारकोड अर्धवट राहिले. गोदामे तुडुंब भरली आणि दुकानांच्या फळ्या मात्र रिकाम्या राहिल्या. चुकीची नोंद आत येतानाच अडवणारी स्वयंचलित पडताळणी तिथेही बसवली गेली, पण उशिरा. तोवर एकेक वस्तू प्रत्यक्ष मोजून नोंदी दुरुस्त करण्यात माणसे गुंतली होती. नोंद भरणाऱ्या तरुण कर्मचाऱ्यांना दोष देणे सोपे आहे. परंतु खोक्याएवढे माप असलेला टूथब्रश निमूटपणे स्वीकारणारी प्रणाली ही खरी उणीव होती.

ग्रेपनेट : महाराष्ट्रातील द्राक्ष निर्यातीत हाच विचार सरकारी पातळीवर राबवला गेला. अपेडा या शेतमाल निर्यातीचे काम पाहणाऱ्या केंद्र सरकारी संस्थेने २००६ मध्ये सुरू केलेल्या या प्रणालीत नोंदणीकृत बाग, नमुना, प्रयोगशाळेचा अहवाल, पॅकहाउस (माल निवडून पेट्यांत भरण्याची जागा) आणि निर्यात प्रमाणपत्र एकाच साखळीत जोडले आहेत. युरोपीय मर्यादेपेक्षा जास्त कीटकनाशक अवशेषांचा अहवाल आला की प्रणाली संबंधितांना इशारा देते आणि त्या बागेच्या मालाची निर्यात अडते. नाशिक, सांगलीच्या बागायतदारांसाठी हा केवळ कागदोपत्री सोपस्कार नाही. युरोपच्या बाजारातले त्यांचे स्थान त्यावर उभे आहे.

तरीही २०१० मध्ये भारतीय द्राक्षे युरोपात अडली. त्यांत क्लोरमेक्वॅट क्लोराइड या वाढ-नियंत्रकाचे अवशेष सापडले. वेलीची फाजील वाढ रोखण्यासाठी बागांमध्ये ते वापरले जात होते, पण तपासायच्या रसायनांच्या यादीत त्याचे नावच नव्हते. प्रयोगशाळांनी जे सांगितले होते ते तपासले होते आणि संगणकाने अहवाल बरोबर वाचले होते. न लिहिलेला नियम कोणतेही साधन चालवू शकत नाही. म्हणून नियमांची यादी ठरवताना प्रोग्रामरच्या शेजारी बागेत, गोदामात, धक्क्यावर काम करणारा माणूस बसणे आवश्यक असते. त्या घटनेनंतर क्लोरमेक्वॅट यादीत आले, आणि अवशेष-नियंत्रणाची कार्यपद्धती रसायनांच्या सुधारित यादीसह हंगामागणिक जाहीर होते.