वजन कमी करण्याच्या ऑपरेशननंतर सोडा, कोल्ड्रिंक, ईनो... चालतं का?

(आमच्याकडून ऑपरेशननंतरचा डबा घेणाऱ्या मंडळींसाठी)

याच प्रश्नाचे इतके फोन येतात की शेवटी कागदच छापला, डब्याच्या पिशवीत टाकलाय, फ्रिजवर लावून ठेवा.

फोन साधारण असा असतो, "ताई, पोट फुगल्यासारखं झालंय, खांदापण दुखतोय, घोटभर सोडा घेऊ का, ढेकर येऊन मोकळं वाटेल." नको. लग्नातलं जेवण अंगावर आलं की जिरा सोडा मारायचा, मोठा ढेकर दिला की झालं, हे आपल्या डोक्यात लहानपणापासून बसलंय, पण ते जुन्या पोटाचं औषध होतं.

आधी खांद्याचं सांगते. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये डॉक्टरांना आतलं नीट दिसावं म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ते फुगवतात, शेवटी काढतात पण थोडा मागे राहतो आणि छाती-पोटाच्या मधल्या पडद्याला त्रास देतो, त्याची कळ खांद्यात येते. हा गॅस जठराच्या बाहेर, पोटाच्या पोकळीत असतो, म्हणजे कितीही ढेकर दिले तरी तो तिथून निघायचा नाही, रस्ताच वेगळा आहे ना. तो अंगात जिरतो, घरातल्या घरात फेऱ्या मारत राहा, काही दिवसांत कमी होतो. वरून सोडा प्यायलात तर तोच गॅस आता जठरातपण!

आता हिशोब बघा. ३०० मिलीच्या कोल्ड्रिंकमध्ये दाबाखाली विरघळवलेला गॅस मोकळा झाला की साधारण १ लिटर भरतो. स्लीव्हनंतर (जठराचा मोठा भाग कापून काढतात ते ऑपरेशन) जठर केळ्याएवढं उरतं, १००-१५० मिलीच्या आसपास, आणि बायपासमधली (हृदयाचं नाही, जठराची छोटी पिशवी करून ती थेट आतड्याला जोडतात ते) पिशवी तर सुरुवातीला ३० मिली, म्हणजे दोन मोठे चमचे. एवढ्याशा जागेत तो गॅस मावणार कुठे, मग कळ, मळमळ, उलटी, आणि स्लीव्हवाल्यांना छातीत जळजळ. सोड्याने पोट ताणून पुन्हा पहिल्यासारखं मोठं होतं असं बरेच जण सांगतात, त्याला भक्कम पुरावा नाहीये, आम्ही त्याची भीती घालणार नाही, पण दुखणं मात्र खरं असतं.

डाएटवालं घेतलं तर? साखर नाही, गॅस तेवढाच. आणि गॅस उडवून घेतलं तर साखर राहते, ३०० मिली कोलात ३० ग्रॅमच्या वर. बायपासवाल्यांना ती सरळ आतड्यात उतरते आणि अर्ध्या तासाच्या आत घाम, धडधड, चक्कर, जुलाब, याला डम्पिंग म्हणतात, एकदा झालं की माणूस परत त्या वाटेला जात नाही.

लोक विसरतात ते वेगळंच. ईनो! तोही सोडाच, ग्लासात फसफसतो तो हाच गॅस. पाण्यात टाकून फसफसणाऱ्या व्हिटॅमिनच्या गोळ्याही तशाच, चावायच्या किंवा पातळ मिळतात का डॉक्टरांना विचारा, मनाने बंद करू नका कारण व्हिटॅमिन लागतातच. डोकं दुखलं म्हणून डिस्प्रिन विरघळवून घेऊ नका, त्यात अ‍ॅस्पिरिन आहे, बायपासनंतर अल्सरचा धोका असतो. बियरमध्ये गॅस आहेच, शिवाय ऑपरेशननंतर दारू लवकर चढते.

मग प्यायचं काय? पाणी, लोणी काढलेलं पातळ ताक, बिनसाखरेचं कोकम, लिंबूपाणी. घोट घोट, स्ट्रॉ नको, त्याने हवा पोटात जाते. जेवताना नाही, जेवणानंतर अर्ध्या तासाने. दिवसाला दीड-दोन लिटरपर्यंत हळूहळू जायचं. पोट फुगलं तर चाला.

कायमचं बंद का? काही डॉक्टर कायमचं म्हणतात, काही थोड्या महिन्यांनी चाखून बघा म्हणतात. तुमच्या सर्जनचं ऐका, आमचं नाही, शेजारच्या काकूंचं तर अजिबात नाही.

आणि ताप, वाढत जाणारी पोटदुखी, थांबत नसलेली उलटी, बसल्याजागी धडधड, यातलं काहीही असेल तर गॅस समजून घरी बसू नका, लगेच हॉस्पिटलला फोन करा, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

डब्यातल्या ताकात हिंग-जिरं हवं असेल किंवा ताक नकोच असेल तर आदल्या रात्री नऊच्या आत व्हॉट्सअ‍ॅप करा, सकाळी सांगितलं तर भांडी भरून झालेली असतात.