'साभार' लिहिलं म्हणजे परवानगी मिळाली का?

एखादी अख्खी कथा समाजमाध्यमांवर टाकायची, खाली 'साभार' लिहायचं आणि आपण नियमाने वागलो असं समजायचं, हे आता सर्रास चालतं. हेतू बहुतेक वेळा चांगलाच असतो. पण इथे कॉपीराइटचा भंग आणि वाङ्मयचौर्य यांची गल्लत होते. परवानगीवाचून नक्कल केली की कॉपीराइटचा भंग. दुसऱ्याचं श्रेय लाटलं की वाङ्मयचौर्य. 'साभार'ने दुसरा आरोप टळतो, पहिला नाही.

श्रेय लाटल्याची तक्रार फार जुनी आहे. आपल्या कविता स्वतःच्या म्हणून वाचून दाखवणाऱ्यांवर रोमन कवी मार्शलने पहिल्या शतकातच कोरडे ओढले होते. कॉपीराइट मात्र छापखान्यानंतरचा. लंडनमध्ये आधी पुस्तकं छापण्याचा हक्क पुस्तकविक्रेत्यांच्या संघाकडे असे. लेखकाने हस्तलिखित विकलं की त्याचा संबंध संपला. 1710च्या 'स्टॅच्यूट ऑफ ॲन' या ब्रिटिश कायद्याने हक्काचा मूळ धनी लेखक ठरवला आणि हक्काला मुदत घातली: नव्या पुस्तकाला 14 वर्षं, लेखक हयात असेल तर आणखी 14. हा हक्क कायमचा असावा असा बड्या प्रकाशकांचा हट्ट होता. 1774 मध्ये 'डोनाल्डसन विरुद्ध बेकेट' खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने तो फेटाळला. तसं झालं नसतं तर जुनं साहित्य आजही मूठभर घराण्यांच्या कुलपात असतं, म्हणून मला या निकालाचं मोल फार वाटतं.

मुदत संपलेल्या साहित्यातच दोन्हींतला फरक लख्ख दिसतो. तीनशे वर्षांपूर्वीची कविता कोणीही छापावी, कायदा आडवा येत नाही. तीच आपल्या नावावर खपवली तर ते वाङ्मयचौर्य, आणि तरीही कॉपीराइटचा भंग नाही. उलट नव्या कादंबरीची पीडीएफ लेखकाच्या नावासकट, कौतुकाने ग्रुपवर टाकली तर श्रेय पुरेपूर दिलं, पण हक्क मोडला. कल्पनेचंही तसंच. कॉपीराइट मांडणीला असतो, कल्पनेला नाही. त्यामुळे दुसऱ्याचा सिद्धांत आपल्या शब्दांत, त्याचं नाव न घेता प्रबंधात घातला तर विद्यापीठ पदवी काढून घेऊ शकतं. कॉपीराइटचा खटला मात्र सहसा उभा राहत नाही.

1886च्या बर्न कराराने हा हक्क देशांच्या सीमेपलीकडे नेला. आज त्यातली किमान मुदत साधारणपणे लेखकाच्या मृत्यूनंतर 50 वर्षं आहे, अनेक देशांत 70. हक्कासाठी नोंदणी लागत नाही. 'कॉपीराइटचं चिन्ह नाही, म्हणजे वापरायला मोकळं' ही समजूत म्हणूनच चुकीची. 1928 मध्ये करारात लेखकाच्या नावाचा हक्कही आला. आर्थिक हक्क विकले तरी 'हे मी लिहिलं' म्हणण्याचा हक्क लेखकाकडेच राहतो. श्रेयाचा प्रश्न आंतरराष्ट्रीय कायद्यात शिरला तो इथे. परीक्षणात चार ओळी उद्धृत करायला परवानगी लागत नाही, पण लेखकाचं आणि मूळ कृतीचं नाव द्यावं, असं हाच करार सांगतो. 'साभार'ची खरी जागा ही.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे दोन्ही तक्रारी एकाच वेळी ऐकू येतात. आमची पुस्तकं न विचारता यंत्राला शिकवायला वापरली, ही तक्रार कॉपीराइटची आहे आणि त्यावर अनेक खटले चालू आहेत. यंत्र माझ्या शैलीत लिहितं आणि माझं नाव कुठेच नसतं, ही तक्रार श्रेयाची. ती मला तितकीच रास्त वाटते, पण नुसत्या शैलीला कॉपीराइट नसल्यामुळे ती घेऊन कोर्टात जाणं फार अवघड आहे.