बीने, आल्फ्रेद

(८ जुलै १८५७ – १८ ऑक्टोबर १९११). फ्रेंच मानसशास्त्रज्ञ आणि आधुनिक बुद्धिमापनाचे प्रवर्तक. नीस येथे जन्म. कायद्याची पदवी मिळवूनही (१८७८) वकिली न करता पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात स्वतःच वाचन करून ते मानसशास्त्राकडे वळले. पॅरिसच्या सालपेत्रिएर रुग्णालयात मज्जाविकारतज्ज्ञ शार्को यांच्याकडे काम करताना, लोहचुंबकाच्या प्रभावाने संमोहित रुग्णाची लक्षणे शरीराच्या एका बाजूकडून दुसरीकडे सरकतात, असा निष्कर्ष त्यांनी सहकारी फेरे यांच्यासह मांडला होता. आपल्याकडून काय अपेक्षित आहे हे रुग्णाला आधीच कळत असल्याने तसे घडते, असे बेल्जियन संशोधक देलबफ यांनी दाखवून दिले आणि बीने यांना चूक मान्य करावी लागली.

हा धडा पुढे उपयोगी पडला. पॅरिसच्या सॉर्बॉन विद्यापीठातील प्रयोगशाळेत (१८९१ पासून) असताना त्यांनी, डोक्याच्या आकारावरून बुद्धी कळते या त्या काळच्या समजुतीनुसार, शाळकरी मुलांची डोकी मोजून पाहिली. परंतु हुशार व मागे पडणाऱ्या मुलांच्या मापांतील फरक अगदीच किरकोळ निघाले, शिवाय मोजणाऱ्याच्या अपेक्षेचा मापांवर परिणाम होतो, हेही त्यांना जाणवले. मादलेन व आलिस या आपल्या दोन मुलींच्या निरीक्षणातून विचार करण्याच्या रीती किती भिन्न असतात, हे त्यांनी १९०३ च्या ग्रंथात नोंदवले.

नेहमीच्या वर्गात न टिकणाऱ्या मुलांच्या शिक्षणासाठी फ्रेंच शासनाने १९०४ मध्ये आयोग नेमला. त्या कामातून तेओदोर सिमाँ यांच्यासह तयार केलेली मापनश्रेणी १९०५ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या चढत्या काठिण्याच्या ३० कसोट्यांत जळत्या काडीमागे नजर फिरवणे, चॉकलेट आणि लाकडाचा तुकडा यांतला फरक ओळखणे, ऐकलेले अंक पुन्हा म्हणणे येथपासून अमूर्त शब्दांतील भेद सांगण्यापर्यंतची कामे होती. १९०८ च्या आवृत्तीत कसोट्या वयानुसार लावल्या गेल्या: नाक, डोळे, तोंड दाखवता येणे ही तीन वर्षांच्या मुलाची कसोटी. मूल ज्या वयाच्या कसोट्या पार करी, तो त्याचा मानसिक स्तर (पुढे रूढ झालेल्या शब्दांत, मानसिक वय).

बीने यांच्या नावाशी जोडला गेलेला बुद्धिगुणांक (आयक्यू) मात्र त्यांचा नव्हे. मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागण्याची कल्पना जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्यम स्टर्न यांची (१९१२), तर त्या भागाकाराला १०० ने गुणण्याची रीत अमेरिकन मानसशास्त्रज्ञ टर्मन यांनी केलेल्या बीने श्रेणीच्या स्टॅनफर्ड आवृत्तीने (१९१६) रूढ केली. बुद्धी ठरलेली असून ती वाढवता येत नाही, या मताला बीने यांनी १९०९ मध्ये स्पष्ट विरोध केला होता. मागे पडलेल्या मुलांसाठी त्यांनी ‘मानसिक व्यायाम’ सुचवले. इशारा होताच पुतळ्यासारखे निश्चल उभे राहणे हा त्यांपैकीच एक.