डीआरसीओजी परीक्षेतले बदल: पार्श्वभूमी

डीआरसीओजी ही ब्रिटनमधल्या जीपींची, म्हणजे फॅमिली डॉक्टरांची, स्त्रीरोग आणि प्रसूतिशास्त्रातली पदविका. ती तिथल्या रॉयल कॉलेज ऑफ ऑब्स्टेट्रिशियन्स अँड गायनॅकॉलॉजिस्ट्स या संस्थेची. ती मुळात बाळंतपणं करणाऱ्या डॉक्टरांसाठी होती. 1948 मध्ये सरकारी आरोग्यसेवा सुरू झाली, तेव्हा ‘ऑब्स्टेट्रिक लिस्ट’वर, म्हणजे बाळंतपणं करणाऱ्या जीपींच्या यादीत, नाव असलेल्या जीपीला या कामाचे जास्त पैसे मिळत. सहा महिन्यांची प्रसूती विभागातली नोकरी आणि वर ही पदविका, म्हणजे त्या यादीत शिरणं सोपं. भारतातून गेलेल्या डॉक्टरांनीही ती मिळवली. परतलेल्यांच्या पाट्यांवर ती अक्षरं दिमाखात झळकत.

1970 साली एका सरकारी समितीने शिफारस केली की प्रत्येक बाईला रुग्णालयात बाळंत होण्याची सोय असावी. घरची बाळंतपणं आधीच घटत होती, त्यानंतर ती नावापुरती उरली. 2004 च्या जीपी करारात गरोदरपणातली आणि बाळंतपणानंतरची तपासणी राहिली, प्रत्यक्ष प्रसूती मात्र बाहेर पडली. मग चिमटे लावून प्रसूती कशी करतात, हे जीपीला विचारायचं कशाला? अभ्यासक्रमाचा भर गर्भनिरोधन, पाळीच्या तक्रारी, रजोनिवृत्ती यांकडे सरकला, ते रास्तच होतं.

वाद आहे तो त्याच दशकाच्या उत्तरार्धातल्या निर्णयाचा. सहा महिन्यांच्या नोकरीची अट गेली, आणि प्रात्यक्षिक परीक्षाही, म्हणजे ओस्की, बंद झाली. उरली ती फक्त लेखी. समर्थकांचा मुद्दा असा की 2007 पासून जीपी होण्याच्या परीक्षेतच रुग्णाशी बोलण्याची चाचणी आली होती. तीच गोष्ट दोनदा तपासून काय साधणार? शिवाय ओस्की म्हणजे परीक्षक, रुग्णाची भूमिका करणारे कलाकार, घंटा वाजली की पुढच्या टेबलाकडे सरकणारे उमेदवार, असा सगळा खर्चाचा पसारा.

खर्चाचं पटतं. पण एक साधा प्रश्न घ्या. तिशीतली बाई संयुक्त, म्हणजे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टोजेन दोन्ही असलेली, गर्भनिरोधक गोळी मागते. लेखी प्रश्नात ‘ऑरासह मायग्रेन’, म्हणजे आधी काही खुणा दिसून मग उठणारी डोकेदुखी, असं छापलेलंच असतं. इस्ट्रोजेन द्यायचं नाही, पक्षाघाताचा धोका वाढतो, हे पाठ असलेला उमेदवार फक्त प्रोजेस्टोजेन असलेल्या गोळीवर खूण करून पुढे जातो. ओस्कीतली बाई ‘कधीतरी डोकं दुखतं’ एवढंच सांगायची. दुखण्याआधी डोळ्यांपुढे चमचम होते का, नागमोडी रेषा दिसतात का, हे उमेदवाराला सुचलं तरच कळायचं. दवाखान्यातही कोणी ‘ऑरा’ म्हणत येत नाही. जीपीच्या सर्वसाधारण परीक्षेत असा प्रसंग एखाद्याच्या वाट्याला येईल किंवा येणारही नाही. दोनदा तपासण्याचा मुद्दा मला तिथेच लंगडा वाटतो.

पुढचे बदल त्याच वाटेने झाले. चूक-बरोबरचे प्रश्न मागे पडले, सर्वांत योग्य एक उत्तर निवडण्याचे आणि जोड्या लावण्याच्या धाटणीचे आले. कोविडच्या काळात कागद-पेन्सिल जाऊन संगणक आला. 2022 मध्ये इंग्लंडने स्त्री-आरोग्याचं धोरण जाहीर केलं. बायकांचं म्हणणं डॉक्टर नीट ऐकून घेत नाहीत, ही त्यातली ठळक तक्रार होती.

कॉपर-टी बसवण्याचं प्रमाणपत्र जीपीला वेगळं घ्यावं लागतं, दुसऱ्या संस्थेकडून. तिथे मात्र प्रशिक्षकासमोर स्वतः बसवून दाखवल्याशिवाय ते हातात पडत नाही.