प्लग वायर, रबरी बूट आणि घर्षणाची दिशा

पेट्रोल गाडीत 12 व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी इग्निशन कॉइल 15 ते 40 हजार व्होल्टचा विद्युत दाब तयार करते, आणि तो इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या स्पार्क प्लगपर्यंत पोचवते बोटापेक्षा बारीक एक वायर. नव्या गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावरच कॉइल बसते, म्हणून या वायरी आता दिसेनाशा झाल्या आहेत. पण पद्मिनी जपणाऱ्या आपल्याकडच्या हौशी मंडळींना त्या लागतात, आणि अमेरिकेत जुनी व्ही-एट (आठ सिलिंडरची) इंजिनं नव्यानं बांधणाऱ्यांना तर फारच. तिथं वायर, टर्मिनल (वायरच्या टोकाचा धातूचा जोड) आणि रबरी बूट (त्या जोडावर बसणारी टोपी) सुटे आणून आपल्या इंजिनाच्या मापानं वायरी तयार करतात. तापलेल्या एक्झॉस्ट पाइपांना त्या टेकू नयेत, हा त्यामागचा मोठा हेतू.

या कामात सगळ्यात जास्त घाम काढतो तो बूट. मूळ वायर 7 मिलिमीटर जाडीची असते, हौसेनं आणलेली 8 किंवा 8.5 मिलिमीटरची. वायर बुटात अर्ध्यावर जाऊन रुतते, जोर लावला की वाकते. बूट काटकोनात वळलेला असेल तर विचारायलाच नको. अशा वेळी बुटाचं भोक कापून मोठं करण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण बुटाचा घट्टपणा हेच त्याचं काम आहे.

हवा साधारणपणे दर मिलिमीटरला 3,000 व्होल्टपर्यंत टिकाव धरते. त्यापुढे ती फुटते आणि ठिणगी पडते. रबर याच्या कितीतरी पट विद्युत दाब सोसतं. पण रबर आणि वायर यांच्यामध्ये हवेची पातळ फट राहिली, तर विद्युत क्षेत्राची वाटणी समान होत नाही. पदार्थ आपल्यातलं विद्युत क्षेत्र किती पट कमी करतो, ते त्याचा परावैद्युत स्थिरांक सांगतो: सिलिकॉन रबरचा सुमारे 3, हवेचा 1. त्यामुळे शेजारच्या रबरापेक्षा फटीतल्या हवेवर जवळजवळ तिप्पट ताण येतो. आधीच कमकुवत असलेल्या जागी जास्त भार. तिथं बारीक बारीक विद्युत विसर्जनं (अर्धवट ठिणग्या) होत राहतात, ओझोन तयार होतो, त्यात ओल शिरली की ठिणगी प्लगमध्ये पडण्याऐवजी बुटाखालून इंजिनाच्या धातूकडे पळते.

आता घर्षणाकडे. शाळेत आपण शिकतो की घर्षण दोन वस्तू किती जोरानं एकमेकींवर दाबल्या आहेत यावर अवलंबून असतं, स्पर्शाच्या क्षेत्रफळावर नाही. मऊ रबर हा नियम पाळत नाही. ते समोरच्या पृष्ठभागाच्या सूक्ष्म खाचाखोचांत घुसतं, खरा स्पर्श वाढतो आणि रेणूंमधलं आकर्षण त्याला धरून ठेवतं. वायरचं आवरण सिलिकॉनचं, बूटही सिलिकॉनचा. दोन मऊ पृष्ठभाग एकमेकांना बिलगतात.

त्यांच्यामध्ये काही वेळापुरता द्रवाचा थर हवा. मला यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल सगळ्यात योग्य वाटतं. ते सिलिकॉनला फारसं फुगवत नाही आणि मागे काही न ठेवता उडून जातं. घर्षण लागेल तेव्हा परत येतं. अल्कोहोल पेट घेतं, म्हणून काम मोकळ्या हवेत करावं आणि ते पूर्ण वाळेपर्यंत इंजिन सुरू करू नये. इंजिन ऑइल किंवा पेट्रोलियमचं ग्रीस मात्र नकोच. सिलिकॉन ते शोषून फुगतं आणि दुबळं होतं.

दुसरा उपाय फिरवण्याचा. कासार घट्ट बांगडी भरताना ती फिरवत फिरवत पुढे सारतो, त्यात पक्कं भौतिकशास्त्र आहे. घर्षण नेहमी सरकण्याच्या दिशेच्या नेमकं उलट काम करतं. बूट वायरभोवती फिरवताना सरकणं मुख्यतः गोलाकार होतं, त्यामुळे घर्षणाचा मोठा वाटा फिरवणाऱ्या हाताला झेलावा लागतो. फिरण्याचा वेग पुढे सरकण्याच्या तिप्पट असेल, तर पुढच्या दिशेला घर्षणाचा जेमतेम एक तृतीयांश विरोध उरतो.

तिसरी गोष्ट माझ्या मते सगळ्यात सुंदर. रबर दाबलं किंवा ताणलं तरी त्याचं आकारमान जवळपास तेवढंच राहतं. म्हणून वायर मागून ढकलली की ती आखूड होते आणि फुगते, म्हणजे आणखी घट्ट. पुढून ओढली तर बारीक होते: आवरण 5 टक्के ताणलं की जाडी सुमारे अडीच टक्क्यांनी घटते, 8 मिलिमीटरची 7.8 होते. बुटाचं याच्या उलट. तो ताणला तर वायरला आवळतो, दाबला तर किंचित उघडतो. म्हणून वायरचं टोक पुढून बाहेर आलं की ते पकडीनं ओढावं आणि बूटही त्याच बाहेर पडण्याच्या तोंडाशी धरावा. मागच्या तोंडाशी धरला तर तो ताणला जाऊन वायरला करकचून धरेल. दोन-तीन सेंटीमीटर वायर जास्तीची ठेवावी, पकडीनं चेंगरलेला भाग नंतर कापता येतो. हे सगळं टर्मिनल बसवण्याआधी. बूट आधी वायरवर बराच मागे न्यायचा, मग टर्मिनल दाबून बसवायचं. पण ओढताना जोर बेतानं, कारण अनेक वायरींचा गाभा तांब्याचा नसून कार्बन मुरवलेल्या काचतंतूंचा असतो.

गरम पाण्यात बूट बुडवण्याचाही उपयोग होतो, पण थोडाच. तापमान 50 अंशांनी वाढलं की 8 मिलिमीटरचं भोक जेमतेम 0.12 मिलिमीटर मोठं होतं. कॉम्प्रेसरची हवा बुटात सोडून तो फुगवणं याहून परिणामकारक; तेव्हा डोळ्यांवर चष्मा हवा.

सिलिकॉन ग्रीसची जागा वेगळी आहे, प्लगवर बसणाऱ्या तोंडाच्या आत. दुसऱ्या महायुद्धात विमानं उंचावर जात तेव्हा विरळ हवेत उच्च दाबाची वीज सहज निसटायची, ओलही शिरायची. 1943 साली स्थापन झालेल्या डाऊ कॉर्निंग या अमेरिकी कंपनीचं पहिलं उत्पादन नेमकं यासाठीचं ग्रीस होतं. प्लगच्या तोंडाशी ते हवेची जागा भरतं आणि बूट प्लगला चिकटू देत नाही. वायरच्या बाजूला मात्र ते कायम निसरडं राहतं आणि बूट हळूहळू टर्मिनलवरून मागे सरकतो.

टर्मिनल दाबल्यावर, बूट शेवटच्या जागी नेण्याआधी, मल्टिमीटरनं वायरचा रोध मोजून घ्यावा. कार्बन गाभ्याच्या वायरीला काही हजार ओहम रोध असणं स्वाभाविक आहे. आकडाच येत नसेल, तर ओढताना गाभा तुटला आहे किंवा टर्मिनलनं तो पकडलेलाच नाही, आणि बूट मागे असेपर्यंत हे दुरुस्त करणं सोपं असतं.